शेकडा सरेपर्यंत

आमच्या मामंजींना कुणी वय विचारलं की मी तिथून काढता पाय घ्यायची. सरळ उत्तर त्यांना ठाऊकच नव्हतं. "पासष्टावं लागलंय, भरलं न्हाई," असं ते म्हणत. समोरचा मान डोलवून निघाला की त्याला थांबवून घेत आणि वर्ष लागणं म्हणजे काय, भरणं म्हणजे काय, हे समजावून सांगत. पोर जन्मलं की त्याला त्या घटकेपासून पहिलं लागतं, पण भरायला पुढचे बारा महिने जावे लागतात. लोक ह्यात घोटाळा करतात आणि उगाच म्हातारे होतात, असं त्यांचं मत होतं. समोरचा बिचारा पावशेर मीठ घ्यायला आलेला असायचा.

मामंजी म्हणजे माझे सासरे, नागप्पा. बोरीच्या पेठेत आमचं किराणा दुकान होतं. मी नीलम्मा, चारठाण्याची लेक. निजामाच्या राज्यात लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा सासूबाई देवाघरी गेलेल्या होत्या. त्यामुळे घरात बाई म्हणून मी एकटी, आणि मामंजींचे सगळे नेम सांभाळणं माझ्याच गळ्यात आलं. माणूस सरळ होता. त्यांच्या तागडीत चिमूटभर जास्तच पडायचं, कमी कधी नाही. पण एखादी गोष्ट डोक्यात शिरली की तिला बाहेर यायला वाट नसे. असल्या सरळ माणसांशी संसार करणं किती वाकडं असतं, ते त्यांच्या सुनांनाच विचारावं.

सगळ्यांत छळवादी नेम पाण्याचा होता. आमच्या भिंतीला भिंत लागून वीरभद्रकाकांचं घर. काका कापसाचे अडते. मामंजी आणि ते लहानपणापासूनचे जिवलग. रोज संध्याकाळी काकांच्या ओट्यावर दोघांचा सोंगट्यांचा डाव पडायचा. काका आमच्याकडे चहा पीत, जेवत, वर मला नावंही ठेवत. मामंजी मात्र काकांच्या घरचा पाण्याचा थेंब घेत नसत. खेळायला जाताना आपला तांब्या बरोबर नेत, आणि तो संपला की तिथूनच हाक येई, "नीलम्मा, पानी." मी तव्यावरची भाकरी टाकून पळत सुटायची.

आता ह्यातली खरी गंमत ऐका. दोन्ही घरांच्या मागं आड एकच होता. त्यातलंच पाणी काकांच्या रांजणात आणि त्यातलंच आमच्या. एकदा न राहवून मी हे बोलून दाखवलं. मामंजी शांतपणे म्हणाले, "पानी आडाचं नसतं सूनबाई, रांजणाचं असतं." मी तांब्या उचलला आणि गेले.

हे सगळं आजेसासऱ्यांनी करून ठेवलेलं. त्यांनी आणि काकांच्या वडिलांनी कधीकाळी भागीत ज्वारी घेतली होती. आमच्याकडे धान्य मापताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत. त्याला 'लाभ' म्हणतात, आणि पुढं दोन, तीन. त्या दिवशी आजेसासरे म्हणाले, लाभ देवाचा, तो मोजायचा नाही, त्याच्या पुढचं माप ते एक. काकांचे वडील म्हणाले, लाभ म्हणजेच एक. सगळा तंटा एका पायलीचा. तेवढी ज्वारी चिमण्यांपुढं टाकली असती तर दोन घरं सुखानं जेवली असती. पण दोघांच्याही नाकाला मिरच्या झोंबल्या. आम्ही लिंगायत. आजेसासऱ्यांनी गळ्यातलं लिंग हातात धरलं आणि भर बाजारात सांगितलं, "हा शेकडा सरल्याबिगर ह्याच्या घरचं पानी मी पिणार न्हाई, आन् माझा ल्योकबी पिणार न्हाई."

हा शेकडा म्हणजे संवताच्या शंभर सालांचा. दुकानदारांचं साल दिवाळीच्या पाडव्याला बदलायचं आणि ते संवतानं मोजलं जायचं. तेव्हा संवत एकोणीसशे साठ चालू होतं. 'कधीच नाही' असंच त्यांना म्हणायचं असणार, पण व्यापारी माणसाला मुदत घातल्याशिवाय बोलवत नाही. पुढं ते दोघं म्हातारे गेले. भांडण तर त्यांच्याही आधी विझलं होतं. शपथ तेवढी मागं उरली. आजेसासऱ्यांचा ल्योक म्हणजे आमचे मामंजी, ते तेव्हा पंचविशीत होते, आणि त्यांनी ती पुढं चाळीस वर्षं पाळली.

ह्यात होरपळली कोण, तर वीरभद्रकाकांची बायको, उमाकाकू. शपथ झाली त्याच साली ती काकांच्या घरात नवी नवरी म्हणून आली. तिच्या हाताला अशी चव होती की जिंतूरचे पाहुणे मुक्काम वाढवत. सगळ्या बोरीनं तिच्या हातचं खाल्लं, आणि नवऱ्याचा सख्ख्या भावासारखा दोस्त काही खात नाही, हे तिच्या जिवाला लागून राहिलं होतं. तिच्या लेकीच्या लग्नात मामंजी सलग तीन दिवस मांडवात उभे. आचाऱ्यांवर ओरडत होते, नुसत्या वासावरून आमटी लागली का नाही सांगत होते, आणि पाणी प्यायला मात्र आमच्या घराकडे बघत होते. तांब्यांच्या खेपा घालून माझ्या पायांचे तुकडे पडले. तेव्हा काकू मला म्हणाली, "आमच्या पान्यात किडे हायत का गं? मला दुसरं काय बी नको. ह्या भावजींनी एकदा माझ्या हातचं खावं, बस." ती हसत म्हणाली, पण पदर डोळ्यांना लावूनच आत गेली.

संवत एकोणीसशे नव्व्याण्णव सरायला आलं तसे मामंजी तरतरीत दिसायला लागले. श्रावणापासूनच दुकानात येईल त्याला सांगत होते, ह्या दिवाळीला शेकडा सरतो, पाडव्याला मी वीरभद्राकडे जेवणार. काकूला तर काय करू आणि काय नको असं झालं. लढाई चालू होती, साखर मिळत नव्हती, पण गूळ होता. तुपाचं भांडं तिनं दोन महिने राखून ठेवलं. पाडव्याला पुरणपोळ्या झाल्या, कटाची आमटी झाली, भजी, कारळाची चटणी, सगळं झालं. मामंजी नवं धोतर नेसून, लाल फेटा बांधून, रिकाम्या हातांनी काकांचा उंबरा चढले. मी मागं होते. मला तर देवळात गेल्यासारखं वाटत होतं.

पंगतीला बन्सीधर मास्तर होते. हे बोरीच्या शाळेत शिकवायचे. एकटा जीव असल्यामुळं सणाला जो बोलवेल त्याच्याकडे जेवायचे. काकूनं वाढलं. मामंजींनी शिवाचं नाव घेतलं, पोळीचा तुकडा मोडला, तुपात बुडवला. आणि मास्तरांना बोलायची बुद्धी झाली.

"चला, दोन हजारावं लागलं. आता शेकडा भरायला एकच साल राहिलं."

मामंजींचा हात तोंडाजवळ थांबला. "काय म्हनलाव?"

मास्तरांना वाटलं, कुणीतरी ऐकतंय. त्यांना शाळेत हे सुख कुठलं. ते खुलून सांगायला लागले. संवताचं पहिलं साल एक होतं, शून्य नव्हतं. एकापासून शंभरापर्यंत पहिला शेकडा. तसा हा शेकडा एकोणीसशे एकपासून दोन हजारापर्यंत. दोन हजारावं साल ह्याच शेकड्याचं शेवटचं. ते पुरं झालं की नवा लागेल.

"मास्तर, तुमी गप जेवा," वीरभद्रकाका दातओठ खात म्हणाले.

पण व्हायचं ते झालं होतं. लागलं आणि भरलं ह्यातला फरक ज्यानं अख्ख्या बोरीला ऐकवला, त्याला आणखी काय समजावायचं? मामंजींनी तुकडा ताटात ठेवला. ताटाला हात जोडले. "वहिनी, माफ करा," एवढंच बोलले आणि उठून गेले. काकू तुपाचं भांडं हातात घेऊन तशीच उभी. मला मामंजींचा राग आला, आणि मास्तरांचा तर त्याहून जास्त.

मास्तर चपापले. काकूची समजूत घालावी म्हणून म्हणाले, "काकू, संवत धरलंय हे नशीबच समजा. कचेरीत निजामाचं फसली साल तेराशे त्रेपन्न चालू आहे. पंचांगात शके अठराशे पासष्ट. मशिदीत हिजरी तेराशे बासष्ट. परभणीच्या स्टेशनात विचारलं तर इसवी एकोणीसशे त्रेचाळीस सांगतील. त्यातलं कुठलंही असतं तर तुम्हाला पस्तीस-चाळीस, कदाचित पन्नाससाठ वर्षं थांबावं लागलं असतं."

"ह्यांना आधी पाटावरून उठवा," काकू नवऱ्याला म्हणाली.

त्यानंतर मामंजींनी जे आरंभलं ते विचारू नका. भरल्या ताटावरून उठल्याचं त्यांना आतून खात होतं. मग आपण उठलो ते बरोबरच होतं, हे गावाला पटवून द्यायचा त्यांनी ध्यास घेतला. गिऱ्हाईक आलं की आधी शेकडा, मग सौदा. मुंजाजी आमचा मापारी, पेठेतली सगळी पोती त्याच्या हातानं मापली जायची. त्याला त्यांनी बोलावून विचारलं, "शंभर मापं टाकायची ठरली, तर नव्व्याण्णववर पोतं शिवतोस का रं?"

"न्हाई बा. शंभरावं पडल्याबिगर कसं शिवंल?" मुंजाजी म्हणाला.

"आन् पहिल्याला काय म्हनतोस?"

"लाभ. लाभ म्हंजी एकच की."

झालं. मुंजाजी ज्या खळ्यावर जाई तिथं हेच सांगायला लागला. वीरभद्रकाका मात्र सोंगट्या हातात घेऊन खदाखदा हसले. "नागप्पा, लाभ म्हंजी एक, हे तर माझा बाप म्हनत होता. तुझा बाप न्हाई म्हनत होता. म्हंजी भांडनात तुझाच बाप चुकला की."

मामंजींनी आपली सोंगटी पुढं सरकवली. "बाप चुकला असंल," ते म्हणाले, "शपथ चुकली न्हाई."

शिवरात्रीला मठाचे स्वामी आमच्याकडे आले तर पूजा आटोपल्यावर त्यांनाही मामंजींनी धरून बसवलं. स्वामींना दुपारी दुसऱ्या गावी पोचायचं होतं. ते पोचले दिवेलागणीला, पण पक्के पटून. उन्हाळ्यापर्यंत अशी गत झाली की बोरीत शेंबडं पोरही सांगेल, दोन हजारावं साल जुन्या शेकड्याचं. कुणी परगावचा माणूस उलटं बोलला तर चार जण त्याला घेरून समजावत. मामंजींच्या जिवाला जरा थंडावा मिळाला. काकू त्यांच्याशी बोलत होती, पण तोंडदेखलं.

आणि भाद्रपदात काकू अंथरुणाला खिळली. ताप उतरेना. परभणीहून डॉक्टर आला, औषध देऊन गेला, आणि जाताना काकांना बाजूला घेऊन काय ते बोलला. काका परत आत आले तेव्हा त्यांच्याकडे बघवत नव्हतं. दिवाळी दीड महिना दूर होती. तेवढा वेळ काकूजवळ नव्हता, हे सगळ्यांना दिसत होतं. मामंजींनाही दिसत होतं.

मग त्यांची धावाधाव सुरू झाली. आधी मुंजाजीकडे गेले. म्हणाले, "आरं, दोन हजार म्हनलं की आकडाच बदलला. नवा शेकडा लागला असं कुनी म्हनलं तर चालंल का न्हाई?" मुंजाजी म्हणाला, "मालक, तुमीच तर शिकिवलं. पोतं भरल्याबिगर शिवू न्हाई." स्वामींकडे माणूस पाठवला. स्वामींचा निरोप आला, नागप्पांनी समजावलं ते आमच्या पक्कं ध्यानात आहे, काळजी नसावी. शेवटी मास्तरांना गाठलं. मास्तरांना वर्षभर पाडव्याचं शल्य होतंच. ते लगेच म्हणाले, "मामा, शेवटी सगळं मानण्यावर आहे. आकडा पालटला की नवा शेकडा लागला, असंच पुष्कळ लोक धरतात. तुम्हीही धरा. कुणी फाशी देत नाही."

इथं मामंजींनी गप्प बसायचं ना. पण वर्षभराची सवय. ते चवताळून म्हणाले, "असं कसं धरता येईल मास्तर? पहिलं साल एक होतं का शून्य?" आणि अर्ध्या तासात त्यांनी मास्तरांना पार निरुत्तर केलं. वाद जिंकले, आणि पडलेल्या तोंडानं घरी आले. मी पाणी दिलं तर तांब्या हातात धरून कितीतरी वेळ बसून राहिले. चिडचिड्या सुनेलाही त्या दिवशी त्यांची दया आली. जगात स्वतःइतकं कुणीच आपल्याला कोंडून घालत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी काकूचे पाय चेपत बसले होते. काका चुलीशी होते. पथ्याच्या ज्वारीच्या कण्या त्यांनी स्वतःच शिजवायला घेतल्या होत्या, कुणाला हात लावू देत नव्हते, आणि अर्ध्या खाली लागल्या होत्या. मामंजी आत आले. बरोबर तांब्या नव्हता, हे माझ्या लगेच लक्षात आलं. खाटेजवळ जमिनीवर बसले.

"वहिनी, भूक लागलीय."

काकूनं डोळे उघडले. "नीलम्मा, जा गं, वाढ ह्यांना घरी."

"घरी न्हाई. हितं लागलीय."

काकूनं त्यांच्या रिकाम्या हातांकडे बघितलं. "शेकडा सरला वाटतं?"

"न्हाई सरला," मामंजी म्हणाले. "तुमाला लबाड सांगू कसं? दिवाळीबिगर सरायचा न्हाई. आजून दोन हजारावंच चालू हाय. पन मला आत्ता भूक लागलीय."

"लिंगाची शपथ हाय भावजी. तुमचे वडील वर वाट बगत असतील तुमची."

"बगू द्या. गेलो की सांगंन त्याला काय ते."

काकूनं मला खूण केली. मी तिला धरून उठवलं, पाठीशी उशी दिली. काकांनी कण्यांचं भांडं आणलं. ती म्हणाली, वाटी इकडं द्या. तिला हातात वाटीसुद्धा धरवत नव्हती, ती मी धरली. तिनं कण्यांवर ताक घातलं, पाच बोटांनी सावकाश कालवलं, गाठी मोडल्या, करपलेला तुकडा काढून टाकला. हे सगळं ती अगदी मन लावून करत होती. मग सगळा जोर एकवटून वाटी तिनं दोन्ही हातांनी स्वतः पुढं केली.

मामंजींनी खाल्लं. वाटी पुसून खाल्लं.

"कशा हायत?" काकूनं विचारलं.

मामंजींना खोटं बोलता येत नव्हतं, ह्याही वेळी आलं नाही. "अळणी हायत," ते म्हणाले, "आन् खाली लागल्यात."

काकू हसायला लागली. हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली, तरी थांबेना. "चाळीस वर्सं थांबलाव," ती दम घेत म्हणाली, "आन् मिळालं काय, तर आजाऱ्याच्या कण्या. त्या बी ह्यांनी जाळलेल्या." काका चुलीकडे तोंड करून उभे राहिले. मामंजींनी वाटी परत पुढं केली. दुसऱ्यांदा खाऊन झाल्यावर ते उठले, स्वयंपाकघरात गेले, रांजणातलं पाणी गडव्यात घेऊन काकूसमोर येऊन प्याले. मला रडू कोसळलं. एवढं साधं करायला ह्या माणसानं जन्म घालवला, ह्याचा रागही तेवढाच आला.

त्यानंतर ते रोज दोन्ही वेळा तिथंच जेवले. काकांच्या हातचं जे काय कच्चंपक्कं असेल ते. काकू पडल्या पडल्या कालवून देई. नवरात्र उठलं आणि ती गेली.

आपण शपथ मोडली हे मामंजींनी लपवलं नाही. विचारणाऱ्याला सांगत, आणि न विचारणाऱ्यालाही सांगत. आमच्यातल्या काही जुन्या मंडळींनी नाकं मुरडली. पाडवा आला, संवत दोन हजार एक लागलं. त्या दिवशी स्वामी आमच्या घरी आले. वीरभद्रकाकांना मी जेवायला बोलावून आणलं होतं, ते दाराशी टेकून बसले होते. स्वामी म्हणाले, "नागप्पा, थोडक्यासाठी घालवलंत. आज तर शेकडा आपोआप सरला असता. आता प्रायश्चित्त घ्यावं लागेल. एक दिवस उपास करा, आणि लिंगापुढं बसून मनापासून पस्तावा करा."

मामंजी हात जोडून उभे होते. "उपास करतो," ते म्हणाले. "दोन सांगा, दोन करतो. अनवाणी मठापर्यंत चालत या म्हनलाव तर येतो. पस्तावा मातर तुमी सांगताव तसा व्हायचा न्हाई. मला पस्तावा हायच स्वामी. शपथ मोडल्याचा न्हाई. ती पोर नवी नवरी होऊन घरात आली, त्याच दिवशी का मोडली न्हाई, ह्याचा हाय."

काकांनी उपरण्यात तोंड घातलं. मी आत जाऊन पानं वाढायला घेतली.